ब्लूजचा पहिला अल्बम: तिघांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड कसा करावा

ब्लूज तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केला तर नीटनेटका होतो, पण डुलत नाही. म्हणून ड्रम, बेस आणि गिटार एकाच वेळी वाजवून घ्या. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा पहिला अल्बम ‘टेक्सस फ्लड’ (१९८३) गायक जॅक्सन ब्राउनच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत असाच, जवळजवळ लाइव्ह, अवघ्या काही दिवसांत झाला. ते जमलं, कारण बँड वर्षानुवर्षं क्लबमध्ये वाजवून तयार झाला होता. जे गाणं श्रोत्यांसमोर एकदाही वाजवलेलं नाही, ते स्टुडिओत नेऊ नका.

दहा गाणी, चाळीस मिनिटं पुरे. बारा रेकॉर्ड करून दोन गाळा. संथ १२/८ तालाची (प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा) दोन गाणी लागोपाठ ई सुरात ठेवू नका. मोकळ्या तारा त्याच, त्यामुळे हात त्याच लिककडे (सवयीच्या छोट्या सुरावटीकडे) वळतो आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

तारा आदल्या दिवशी बदला आणि हाताने ताणून घ्या. कोऱ्या तारा बेंड करताना (तार ओढून सूर चढवताना) उतरतात. जाडी बदलली असेल तर इंटोनेशन पुन्हा लावा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर तंतोतंत जुळला पाहिजे. जाड तारांवर बेंड जड जात असतील तर अर्धा सूर खाली लावा (वॉनही तसंच करत असे), बेसनेही.

अँप छोटा घ्या, १५ ते २२ वॉटचा ट्यूब अँप. मोठा अँप हळू ठेवला तर बेजान वाटतो, खुलवला तर ड्रमच्या सगळ्या माईकमध्ये घुसतो. गेन (अँपमध्ये आवाज किती फाटतो ते) नेहमीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर पिकचा ठोका पुसला जातो. शुअर एसएम५७ माईक अँपच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरचा मध्य आणि कड यांच्या अधेमध्ये लावा. मध्याकडे सरकवला तर आवाज टोचरा होतो, कडेकडे नेला तर घुमा. बोटभर सरकवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा इक्वलायझरने पडत नाही.

पहिल्या अल्बमला हमखास नडतो तो ब्लीड, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरणं. गिटार आणि ड्रम एकाच खोलीत असतील तर सोलो नंतर बदलता येत नाही, कारण जुना सोलो ड्रमच्या माईकमधून मागे ऐकू येत राहतो. आधीच ठरवा: अँप दुसऱ्या खोलीत ठेवून हेडफोनवर वाजवायचं, की एकाच खोलीत वाजवून जो टेक (एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग) येईल तो घ्यायचा. सोलोवर हुकूमत असेल तर दुसरा मार्ग जास्त जिवंत वाटतो. बाकीच्यांनी अँप बाहेर काढलेला बरा.

गाणं नंतर गायचं असलं तरी बँड वाजवत असताना गाईड व्होकल (वाजवणाऱ्यांसाठीचं तात्पुरतं गायन) पूर्ण ओळींसह गा. नुसतं गुणगुणलात तर फिल (ओळींमधल्या जागा भरणारे छोटे तुकडे) कुठे टाकायचे हे हाताला कळत नाही आणि पुढे तेच फिल शब्दांवर आदळतात.

शफलला (ब्लूजच्या झुलत्या तालाला) क्लिक, म्हणजे कानात सतत वाजणारा मेट्रोनोम, नको. प्रत्येक गाण्याचा वेग लिहून ठेवा, सुरुवातीला चार बार मेट्रोनोम ऐका आणि बंद करा. दोन टेकमध्ये दोन-तीन बीपीएमचा (मिनिटाला ठोक्यांचा) फरक पडला तर ते जोडताना जोड दिसतो. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग तपासा. चौथ्या टेकनंतरही बसत नसेल तर पुढचं गाणं घ्या. शेवट वाजवून होताच कोणी हलू नये. सिंबल पूर्ण विझू द्या, नाहीतर खुर्चीची करकर कायमची राहते.

दुसऱ्यांच्या गाण्यांचे परवाने आधी मिळवा. ‘पारंपरिक’ म्हणून खपणाऱ्या बऱ्याच ब्लूज गाण्यांना नोंदलेले गीतकार आहेत.

रेकॉर्डिंग २४ बिटवर, पीक (सर्वांत मोठा आवाज) उणे १० डेसिबलच्या आसपास. मिक्समध्ये गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा. तिथे बेस आणि किक ड्रमला जागा लागते. कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणं) दोन-तीन डेसिबलच. मास्टरिंगला (शेवटच्या पॉलिशला) फाइल पाठवताना मास्टर बसवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनेलवरचा) लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन, काढा.