वर्गाचा ब्लॉग : नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी

मराठीत शिक्षकांचे ब्लॉग पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर शासन निर्णय, नमुना प्रश्नपत्रिका, वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने आणि निरनिराळे तक्ते उतरवून घेण्यासाठी ठेवलेले असतात. त्यांचा उपयोग मी स्वतःही केला आहे आणि ते चालवणाऱ्या तंत्रस्नेही शिक्षकांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु अशा ब्लॉगमुळे शिक्षकाचे काम सोपे होते, त्यातून त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या विद्यार्थ्यांचे शिकणे घडतेच असे नाही. शिकणे घडते ते लिहिताना, लिहिलेले कोणीतरी वाचून प्रश्न विचारतो तेव्हा, आणि त्या प्रश्नामुळे पुन्हा लिहावे लागते तेव्हा. ज्यांना वर्गासाठी ब्लॉग सुरू करायचा आहे त्यांनी हा फरक आधी ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून असतात.

सुरुवात शिक्षकाने स्वतःच्या लेखनापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. आपण रोज टाचण काढतो, पण टाचणात काय करायचे ठरवले होते तेवढेच असते. प्रत्यक्ष तासाला काय घडले याची नोंद कोठेच राहत नाही. अपूर्णांक शिकवताना एखादा मुलगा एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा आहे असे सांगतो आणि कारण विचारल्यावर ‘आठ चारापेक्षा मोठे आहेत’ असे उत्तर देतो. तासाच्या घाईत आपण त्याला दुरुस्त करून पुढे जातो. तोच प्रसंग संध्याकाळी लिहून काढायला बसले की त्या मुलाच्या डोक्यात पूर्ण संख्यांचा नियम किती घट्ट बसला आहे, भाकरीचे तुकडे दाखवल्यावर त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे आपल्याला स्वतःलाच प्रथम नीट कळते. असे लेखन दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या शिक्षिकेने वाचून ‘माझ्या वर्गात कागदाच्या पट्ट्यांनी हे जमले’ असे कळवले, तर आसपासच्या शाळांच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेत वेळेअभावी न होणारी चर्चा तेथे होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावातील प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1924 च्या सुमारास वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुलांनी आपल्या परिसराविषयी लिहायचे, वर्गाने मिळून ते सुधारायचे, मुलांनीच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे आणि दूरच्या शाळेतील मुलांना पाठवायचे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्याकडची हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके त्याच जातीची आहेत. मात्र हस्तलिखिताची एकच प्रत असते आणि बहुधा ती स्नेहसंमेलनानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते. ब्लॉगमुळे वाचक मिळतो, आणि वाचक असल्याची जाणीव मुलाच्या लेखनात काय बदल घडवते हे मी माणदेशातील आमच्या वर्गात पाहिले आहे.

आमच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. सहावीतील एका मुलीने परिसर लेखनात ‘तेल्या पडला म्हणून आम्ही बाग काढली’ एवढेच लिहिले होते. वहीत हे वाक्य बरोबर ठरून त्याखाली माझी सही झाली असती. ब्लॉगवर ते आल्यावर एका वाचकाने विचारले की तेल्या म्हणजे काय आणि तो सगळ्याच बागांवर का येत नाही. उत्तर देण्यासाठी ती वडिलांकडे गेली, शेजारच्या बागेत गेली आणि पुन्हा लिहून आली : पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, हा जिवाणूचा रोग आहे, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीतून तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या मृग बहारात त्याची भीती जास्त असते आणि शेजाऱ्यांनी पावसाळ्याच्या शेवटी धरायचा हस्त बहार धरला आहे. विज्ञानातील सूक्ष्मजीवांचा पाठ, भूगोलातील पाऊस आणि घरातील शेतीचा हिशेब त्या एका परिच्छेदात एकत्र आले होते. ते तिला मी शिकवलेले नव्हते. माझे काम एवढेच होते की तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचवायचा आणि उत्तर शोधायला तिला आठवडाभर मोकळीक द्यायची.

वाचक कोठून आणायचे, हा नव्या शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न असतो. अनोळखी वाचकांच्या मोठ्या संख्येमागे लागू नये. आटपाडी, खानापूर भागातील असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई, म्हणजे ते आटवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत. त्यामुळे आमच्या मुलांचे काका, मामा आणि काहींचे वडीलही दक्षिणेत आणि उत्तरेत दूरच्या शहरांत राहतात. आम्ही ब्लॉगचा दुवा पालकांच्या गटातून त्यांना पाठवला आणि तेच आमचे सर्वांत चांगले वाचक झाले. त्यांना गावचा पाऊस, तलावातील पाणी, यात्रेची तयारी वाचायची होती, आणि मुलांना त्यांच्याकडून जुने सोने आटवून शुद्ध कसे करतात ते समजून घ्यायचे होते. प्रत्येक गावाला असे बाहेर गेलेले लोक असतात. ऊसतोडीला गेलेले, मुंबईत गेलेले, लष्करात असलेले. प्रथम त्यांना शोधावे.

लेखन तपासण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मुलांचा उत्साह टिकणार की मावळणार हे येथेच ठरते. शिक्षकाने सगळे लेखन स्वतःच सुधारून प्रमाण भाषेत प्रसिद्ध केले, तर ते मुलाचे राहत नाही आणि त्याचे त्यालाही हे लगेच कळते. मी पहिल्या वाचनात शुद्धलेखनाकडे पाहत नाही. मजकुरात जे समजले नाही त्याविषयी दोन-तीन प्रश्न तेवढे लिहितो. दुसरा खर्डा जोडीदार वाचतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे शेवटी, मुलाला शेजारी बसवून पाहतो. शेतीचे, मेंढपाळीचे, स्वयंपाकाचे माणदेशी शब्द मी जसेच्या तसे ठेवतो, कारण नेमकी माहिती त्या शब्दांतच असते. हे सर्व सावकाश होते. दर आठवड्याला वर्गातील सर्वांचे लेखन प्रसिद्ध करण्याचा अट्टहास धरला, तर खर्डे सुधारायला वेळच उरत नाही. पाळीपाळीने थोड्यांचे, पण नीट पक्व झालेले लेखन द्यावे.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी आहे. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस यांपैकी कोणतीही विनामूल्य सेवा पुरेशी आहे. मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरसंकेतात असावा. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर इतरांच्या फोनवर वाचता येत नाही आणि शोधातही सापडत नाही. संगणक एकच असेल तर लेखन कागदावर पूर्ण करावे आणि टंकनासाठीच यंत्रावर बसावे. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक मुले लवकर आत्मसात करतात. बोलून टंकण्याची सोय वापरली तर विरामचिन्हे आणि चुकीचे उमटलेले शब्द तपासणे हाच एक चांगला भाषाभ्यास होतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कोणतीही ढिलाई करू नये. खाते शिक्षकाच्या नावावर असावे. सहावीच्या मुलांना स्वतंत्र खाती उघडायला लावू नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे, हे लक्षात ठेवून मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी. लेखाखाली फक्त पहिले नाव द्यावे, चेहरा आणि नाव एकत्र येऊ देऊ नये, घराचा पत्ता किंवा येण्याजाण्याच्या वेळा मजकुरात आल्या असतील तर काढाव्यात, आणि प्रत्येक प्रतिसाद शिक्षकाने वाचल्यावरच दिसेल अशी मांडणी ठेवावी. घरातील कर्ज, आजारपण किंवा भांडण यांविषयी मूल मोकळेपणाने लिहिते. असे लेखन मनापासून वाचावे, त्याच्याशी बोलावे, पण ते वहीतच राहू द्यावे. चित्रे मुलांनी काढलेली वापरावीत. इंटरनेटवरून उचललेल्या छायाचित्रांवर कोणाचा तरी हक्क असतो, हेही मुलांनी याच वयात शिकावे.

आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे शिकणे चालू असतानाच केल्या जाणाऱ्या मूल्यमापनासाठी, या कामाचा उपयोग करायचा असेल, तर केवळ प्रसिद्ध झालेला लेख न पाहता त्याचे सर्व खर्डे तारखांसह एका फाईलमध्ये जपून ठेवावेत. पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यात मुलाने स्वतःहून काय बदलले, कोणती माहिती नव्याने मिळवली, कोणत्या प्रश्नाला उत्तर दिले आणि कोणता टाळला, हे त्यांत स्पष्ट दिसते. त्यावरून लिहिलेली वर्णनात्मक नोंद त्या एकाच मुलाची असते आणि पालकांना समोर बसवून ती वाचून दाखवता येते.