गप्पीला पाणी कसं लागतं: नळाचं, बोअरचं आणि गुरुवारनंतरचं

"गप्पी तर गटारातपण जगतो, त्याला काय एवढं पाणी बघायचं" हे मला पहिल्यांदा मासे विकणाऱ्यानेच सांगितलं होतं आणि मी आपला विश्वास ठेवला. डासांच्या अळ्या खायला महापालिका साचलेल्या पाण्यात सोडते तो साधा गप्पी वेगळा, तो तसल्या पाण्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला असतो. आपण आणतो तो मोठ्या रंगीत शेपटीचा, तो बराच नाजूक.

मी काय केलं, तर एका रविवारी टाकी बाथरूममध्ये नेऊन घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा केला आणि नळाचं पाणी थेट भरलं. संध्याकाळी सहाच्या सहा मासे वर येऊन धापा टाकतायत, शेपट्या काडीसारख्या मिटलेल्या. सकाळपर्यंत चार गेले. आई म्हणाली, एवढं चकाचक कशाला केलंस, माशांची काय दिवाळी होती का.

तर दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कल्ले भाजले, आणि स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया राहतात ते मीच मारले. माशांच्या शी-शूमधून अमोनिया तयार होतो, हे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे थोडंफार चालतं. नवीन टाकीत ही मंडळी जमायला 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला 40 लिटरमध्ये दोन-तीनच मासे सोडा आणि खायला अगदी चिमूटभर द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली, 20 असेल तर उत्तमच. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बास.

आता आपल्याकडच्या, म्हणजे पुण्याच्या पाण्याचं. गप्पीला जरा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7 ते 8 आणि हार्डनेस, म्हणजे जडपणा, साधारण 8 ते 12 डिग्री जीएच (जडपणा मोजायचं माप). खडकवासल्याचं पाणी म्हणजे पावसाचं धरणात साठलेलं, ते तसं मऊ. बोअरचं आणि बरेचदा टँकरचं जड. टेस्ट किट नसेल तरी घरात कळतंच की, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे डाग पडतात, डाळ शिजता शिजत नाही, म्हणजे पाणी जड. स्वयंपाकघरात वैताग आणणारं हे पाणी गप्पीला मात्र आवडतं, फक्त बोअरचा पीएच जास्त असेल तर त्यात अमोनिया जास्त विषारी होतो, तेव्हा खाणं टाकताना हात आखडता घ्या. नळाचं मऊ पाणी असेल तर पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेस, त्याचा एक तुकडा फिल्टरपाशी ठेवा, हळूहळू विरघळतो आणि कॅल्शियम देतो. आरओचं पाणी नुसतं कधीच वापरू नका, त्यात क्षार उरलेलेच नसतात.

क्लोरीनसाठी पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढे टाका. पुण्यात अजून एक गंमत, बरेचदा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी जे येतं ते गढूळ, त्यामुळे मी बुधवारी रात्रीच बादली भरून ठेवतो.

तापमान 24 ते 26 हवं, 22 ते 28 मध्ये काही बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा 10 च्या आसपास जातो, तेव्हा हीटर लागतोच, लिटरला एक-सव्वा वॅट धरा, म्हणजे 40 लिटरला 50 वॅटचा घ्या. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करा, त्याची काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. एप्रिल-मेमध्ये उलटं, टाकी खिडकीपासून लांब न्या आणि एअर पंप चालू ठेवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो.

आठवड्यातून एकदा 20-25 टक्के पाणी बदला. नवीन पाणी हाताला टाकीतल्यासारखंच लागलं पाहिजे, गार पाणी धाडकन ओतलं तर मासे आजारी पडलेच म्हणून समजा. एक दिवस राहून गेलं तर काही होत नाही पण महिनाभर काहीच न करता एकदम सगळं पाणी बदलणं, हे नको.

नवीन मासे आणले की पिशवी बंदच 15-20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी त्यात घाला, असं अर्धा तास तरी. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी कुंडीत.