ग्रहविज्ञान शिकायचे असेल, तर आधी मूळ विषय ठरवा

बारावीनंतर ग्रहविज्ञान शिकायचे असेल तर त्याची पदवी कोठे मिळते, हा प्रश्न मला दर वर्षी निकालाच्या सुमारास विचारला जातो आणि माझे उत्तर विचारणाऱ्याला बहुधा आवडत नाही. या नावाची पदवी शोधत बसू नये, असे मी सांगतो. चंद्र, मंगळ आणि अशनी यांवर आपल्याकडे काम करणारे बहुतेक संशोधक भौतिकशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी एखाद्या विषयात पक्के होऊन मग ग्रहांकडे वळलेले आहेत. मी स्वतः पुण्यात भूशास्त्र शिकलो आणि त्यानंतर चंद्रावरील बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) हा पीएच.डी.चा विषय घेतला. त्यामुळे पुढील मजकुरात भूशास्त्राला झुकते माप मिळाले आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मूळ विषय निवडताना कोणता ग्रह आवडतो याला फारसे महत्त्व नाही. रोज कोणत्या स्वरूपाचे काम करण्यात मन रमेल, हे पाहावे. ज्याला संवेदक, निर्वात कक्ष आणि मापनातील त्रुटी यांत रस आहे त्याने भौतिकशास्त्र घ्यावे. ज्याला खडक हातात घेऊन त्याचा इतिहास उलगडावासा वाटतो त्याने भूशास्त्र. या दोन्हींची गाठ कशी पडते याचे ताजे उदाहरण चांद्रयान-३ चे आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान उतरल्यानंतर प्रज्ञान रोव्हरवरील अल्फा कण व क्ष-किरणांवर चालणाऱ्या ज्या उपकरणाने मातीतील मूलद्रव्ये मोजली, ते अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी (पीआरएल) या संशोधनसंस्थेत विकसित झाले होते. असे उपकरण घडवणे आणि त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करणे हे मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञाचे काम. मिळालेल्या आकड्यांवरून ही माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट या, मुख्यतः प्लॅजिओक्लेज खनिजाच्या बनलेल्या खडकाशी जुळते असे म्हणणे, आणि चंद्र एके काळी शिलारसाच्या महासागराने वेढलेला होता या कल्पनेशी त्याची सांगड घालणे, हे खडकशास्त्र जाणणाऱ्याचे. असा शिलारस निवताना ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही जड खनिजे तळाशी जातात व हलके प्लॅजिओक्लेज वर तरंगते, हे ज्याला पदवीच्या वर्गातच नीट समजले आहे, त्याला २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्या मापनांवरील शोधनिबंध वाचताना अडखळावे लागत नाही.

रसायनशास्त्राची वाट थोडेच विद्यार्थी धरतात. १९९६ मध्ये राजस्थानातील पिपलिया कलान येथे पडलेल्या अशनीत पीआरएलच्या संशोधकांना मॅग्नेशियम-२६ या समस्थानिकाचे जादा प्रमाण आढळले. ते अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या किरणोत्सारी क्षयातून आलेले होते, आणि सूर्यमालेच्या आरंभी लहान ग्रहपिंड वितळवणारी उष्णता कोठून आली असावी याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. काम मोठ्या तोलाचे आहे, परंतु स्वच्छ प्रयोगशाळेत एकाच नमुन्यावर दिवसचे दिवस बसणे सर्वांना मानवत नाही.

भूशास्त्राच्या पदवीत सुरुवातीच्या वर्षांत ग्रहांचा उल्लेखही क्वचितच होतो, त्यामुळे चंद्रयानाची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून आलेले विद्यार्थी हिरमुसतात. ०.०३ मिलिमीटर जाडीचे खडकाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत बसायचे, ध्रुवित प्रकाशात प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे ओळखायचे आणि वहीत आकृत्या काढायच्या, असे ते दिवस असतात. माझ्या मते संपूर्ण शिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. अशनीच्या आघाताच्या प्रचंड दाबाखाली प्लॅजिओक्लेजची स्फटिकरचना मोडून त्याची काच होते आणि ते पट्टे नाहीसे होतात. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. तिचे पहिले वर्णन झाले ते १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीवरून, आणि तो अशनी मंगळावरून आला असल्याचे आज मानले जाते. पट्टे कसे दिसतात हेच ज्याच्या डोळ्यांत बसलेले नाही, त्याला ते नाहीसे झाल्याचे कळणार तरी कसे?

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला लोणारसारखी सोय जगात क्वचितच कोणाला मिळत असेल. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे. पृथ्वीवरील बहुतेक आघात-विवरे वेगळ्या प्रकारच्या खडकांत आहेत, तर चंद्रावरील ‘सागर’ म्हणवले जाणारे काळे सपाट प्रदेश आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. म्हणून लोणारच्या दगडांकडे परदेशी संशोधकांचेही लक्ष असते. तेथे जाताना सरोवराच्या पाण्यापेक्षा काठाकडे अधिक पाहावे. एरवी जवळजवळ आडवे असणारे लाव्हाचे थर काठावर बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात आणि काही ठिकाणी ते उलटलेलेही आहेत. या विवराच्या वयाचा प्रश्न तर वर्गात वादाला घ्यावा इतका उद्बोधक आहे: एका पद्धतीने ते सुमारे ५०,००० वर्षे आले, तर आघातातून वितळलेल्या खडकांवरील आर्गॉन पद्धतीने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास आले. कोणत्या पद्धतीत नेमके काय मोजले जाते आणि ते कशाने बिघडू शकते, याचा विचार केल्याशिवाय कोणत्याही वयावर विश्वास ठेवू नये, हे तेथे पटते. परिसर अभयारण्याचा असल्याने परवानगीवाचून तेथील दगड मात्र उचलू नयेत.

प्रत्यक्ष संशोधनाचा मोठा हिस्सा संगणकासमोर होतो. पृष्ठभागाचे वय काढण्यासाठी चित्रांवरील विवरे मोजावी लागतात, कारण जुन्या पृष्ठभागावर विवरे अधिक साठतात आणि या मोजणीची सांगड अमेरिकेच्या अपोलो व सोव्हिएत लूना मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या वयांशी घातलेली आहे. काम ऐकायला सोपे आहे, परंतु सूर्य क्षितिजालगत असताना घेतलेल्या चित्रात लहान विवरे जास्त उठून दिसतात, आणि मोठ्या आघातातून उडालेल्या दगडांनी पाडलेली दुय्यम विवरे मोजणीत शिरली तर वय फुगते. पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाच्या ज्या वर्णपटांवरून खनिजे ओळखतात, त्यांचेही तसेच आहे. पायरॉक्सिनचे शोषणपट्टे (जेथे खनिज प्रकाश शोषून घेते त्या तरंगलांबी) एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास येतात, ऑलिव्हिनचा रुंद पट्टा एकाच्या आसपास. पाण्याची खूण मात्र तीन मायक्रॉनजवळ येते, आणि तेथे चंद्राचा तापलेला पृष्ठभाग स्वतःच उष्णतेचे किरण उत्सर्जित करू लागतो, म्हणून ते वजा करावे लागते. चांद्रयान-१ वरील अमेरिकी उपकरण तीन मायक्रॉनपर्यंतच पाहत होते. चांद्रयान-२ वरील उपकरण पाच मायक्रॉनपर्यंत पाहते, ते याच कारणासाठी उपयोगी पडते. चांद्रयान-२ ची विदा (डेटा) इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी करून कोणालाही उतरवून घेता येते. पायथन ही संगणकभाषा आणि क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची संगणकप्रणाली या दोन गोष्टी पदवीच्या काळातच शिकून घ्याव्यात; नकाशा तयार करताना चंद्राची त्रिज्या १,७३७.४ किलोमीटर घ्यावी, अन्यथा सर्व अंतरे पृथ्वीच्या मापाने येतात.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटीची ‘जॅम’ आणि पुढे पीएच.डी.साठी ‘नेट’, ‘गेट’ किंवा भौतिकशास्त्रवाल्यांसाठी ‘जेस्ट’ या परीक्षा असतात. ‘नेट’च्या एका विषयाच्या नावातच पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असे चारही शब्द आहेत, तरी तयारी मुख्यतः आपल्या मूळ विषयाचीच करावी लागते. ‘नेट’ची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते, घरभाडे भत्ता वेगळा. अमेरिकेतील पीएच.डी.ला बहुधा शुल्क माफ होऊन वेतनही मिळते, परंतु तेथेही अर्जात तुमचा मूळ विषय किती पक्का आहे हेच पाहिले जाते.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मग इस्रोत नोकरी नक्की ना? नक्की नाही. इस्रोतील भरतीत अभियंत्यांच्या जागा अधिक असतात, आणि ग्रहांवरील संशोधनाच्या कायम जागा देशभरात थोड्याच आहेत, पीएच.डी.नंतर काही वर्षे परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद) करणे जवळजवळ गृहीतच धरलेले असते. भूशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी मात्र यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाऊ शकतो, भूजल किंवा सुदूर संवेदनातही (रिमोट सेन्सिंग) काम करू शकतो. केवळ ग्रहविज्ञान अशी छाप असलेल्या पदवीपेक्षा मूळ विषयाची पदवी मी सुचवतो, त्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

उन्हाळी प्रकल्पासाठी एखाद्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिताना लहानपणापासून आकाशाची ओढ असल्याचे सांगण्यात पहिला परिच्छेद खर्ची घालू नये; ती सर्वांनाच असते. त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील एक नेमका प्रश्न विचारावा, आणि खुल्या विदेवर आपण स्वतः केलेला एखादा नकाशा किंवा आलेख सोबत जोडावा. तो साधा असला तरी चालतो, मात्र कोणत्या चित्रावरून आणि कोणत्या गृहीतकांवर तो काढला आहे, हे खाली लिहिलेले असावे.