थीम असलेल्या कॅसिनो रिसॉर्टमधील मुक्काम: लास व्हेगासमध्ये काय पाहावे आणि कशासाठी पैसे मोजावेत

लास व्हेगासमध्ये हॉटेल ठरवताना बहुतेक जण खोलीचे फोटो आणि एका रात्रीचे भाडे एवढेच पाहतात. येथील थीम असलेल्या, म्हणजे एखाद्या शहराच्या, काळाच्या किंवा कथेच्या रूपात सजवलेल्या, कॅसिनो रिसॉर्टच्या बाबतीत हा हिशेब पुरेसा पडत नाही, कारण ज्या थीमच्या ओढीने आपण ते हॉटेल निवडतो ती खोलीत क्वचितच असते. ती असते लॉबीत, रंगवलेल्या छतावर, तलावात, दुकानांच्या गल्ल्यांत आणि प्रेक्षागृहात, आणि त्यातील बरेचसे त्या हॉटेलात न उतरताही पाहता येते. म्हणून राहण्याची जागा कोणती आणि पाहण्याच्या जागा कोणत्या, हे दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यावेत. खोली स्वच्छ, शांत आणि सोयीच्या ठिकाणी असली की पुरे. वाचलेले पैसे एखाद्या चांगल्या शोच्या तिकिटावर खर्च करावेत.

थीम अजून शिल्लक आहे का, हे आधी पाहावे

या हॉटेलांची जुनी वर्णने वाचून बेत आखणे धोक्याचे आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या मिराजसमोरचा कृत्रिम ज्वालामुखी अनेक वर्षे शहराची ओळख होता, पण ते हॉटेल जुलै २०२४ मध्ये बंद झाले आणि ज्वालामुखीही त्याबरोबर गेला. ट्रेझर आयलंडसमोरच्या चाचेगिरीच्या लढाईचा खेळ २०१३ मध्येच थांबला. थीम अशी विरत गेल्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लक्सर हे हॉटेल. १९९३ मध्ये उघडलेला हा तीस मजली काळा पिरॅमिड बाहेरून आजही तसाच दिसतो, दारातील स्फिंक्सही तेथेच आहे. मात्र आतील इजिप्शियन सजावट मालकांनी पुढे बरीचशी काढून टाकली. तरीही तेथे एकदा आत जावेच, कारण पिरॅमिडच्या पोटातील प्रचंड मोकळी जागा आणि तिच्या चारही बाजूंनी वर सरकत गेलेले मजले खाली उभे राहून पाहण्यासारखे आहेत. तेथील लिफ्ट सरळ वर न जाता भिंतीच्या उताराला धरून ३९ अंशांच्या कोनात चढते आणि त्या वेळी पायाखालची जमीन बाजूला ओढली गेल्यासारखी वाटते. तेथे राहणार असाल, तर पिरॅमिडमधील खोली आणि शेजारच्या नंतर बांधलेल्या टॉवरमधील खोली यांत फरक आहे हे लक्षात ठेवावे: पिरॅमिडमधील खिडकी तिरकी असते, टॉवरमधील खोल्या नेहमीच्या हॉटेलसारख्या असतात.

याउलट व्हेनिशियन आणि पॅरिस या १९९९ मध्ये सुरू झालेल्या दोन्ही हॉटेलांनी आपली थीम बऱ्यापैकी जपली आहे. व्हेनिशियनमधील आतला कालवा जमिनीवर नसून कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर आहे, हे तेथे पोहोचल्यावरच ध्यानात येते. गोंडोल्याच्या फेरीला पैसे पडतात, पण कालव्याकाठून चालत जाणे आणि गाणारे नावाडी ऐकणे विनामूल्य आहे. पॅरिस हॉटेलमधील आयफेल टॉवर मूळ टॉवरच्या साधारण निम्म्या उंचीचा, म्हणजे सुमारे ५४० फूट उंच आहे, आणि त्याचे तीन पाय थेट कॅसिनोच्या छतातून खाली उतरून खेळाच्या टेबलांमध्ये उभे राहिले आहेत.

खोलीचे खरे भाडे

भाड्याव्यतिरिक्त बहुतेक मोठी रिसॉर्ट दर रात्रीमागे रिसॉर्ट फी आकारतात. ती साधारण ४० ते ५५ डॉलरच्या घरात असते, तिच्यावरही कर लागतो, आणि वायफाय, जिम यांसारख्या सोयी वापरल्या नाहीत तरी ती माफ होत नाही. १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या अमेरिकी संघराज्याच्या नियमानुसार अशा सक्तीच्या शुल्कासह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे हॉटेलांना बंधनकारक आहे. तरीही आरक्षण पक्के करण्यापूर्वी शेवटच्या पानावरील कर धरून आलेली रक्कम पाहूनच दोन हॉटेलांची तुलना करावी. शनिवार-रविवार किंवा एखादे मोठे व्यापारी प्रदर्शन असेल, तर तीच खोली कित्येक पटींनी महाग होते. मंगळवार-बुधवारचा मुक्काम बहुधा स्वस्त पडतो.

चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर अनामत रक्कम रोखून धरते. यासाठी शक्यतो क्रेडिट कार्ड द्यावे, कारण डेबिट कार्डावर रोखलेली रक्कम आपल्याच खात्यातील असते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. खोलीतील मिनीबारविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते: अनेक हॉटेलांत त्यातील वस्तूंखाली सेन्सर असतात, त्यामुळे स्वतःचे पाणी थंड करण्यासाठी आतली बाटली उचलून बाजूला ठेवली तरी बिलावर नोंद होऊ शकते.

अंतरांचा अंदाज

नकाशावर शेजारी दिसणारी दोन हॉटेले प्रत्यक्षात बरीच लांब असतात. ही मोठी हॉटेले ज्या मुख्य रस्त्यावर आहेत त्या स्ट्रिपची लांबी जवळपास सात किलोमीटर आहे, आणि खोलीपासून रस्त्यावर येण्यातच दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, कारण लिफ्टपासून दरवाजापर्यंतची वाट जवळजवळ नेहमीच कॅसिनोमधून काढलेली असते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. मँडले बे, लक्सर आणि एक्सकॅलिबर या हॉटेलांना जोडणारी ट्राम विनामूल्य आहे. पार्क एमजीएमपासून बेलाजिओकडे जाणारीही तशीच. मोनोरेलला मात्र तिकीट लागते आणि तिची स्थानके हॉटेलांच्या मागच्या बाजूला असतात. रस्ता ओलांडण्याच्या पादचारी पुलांवर फोटोसाठी थांबू नये. २०२४ च्या सुरुवातीस क्लार्क काउंटी या स्थानिक प्रशासनाने तेथे थांबण्यास मनाई करणारा नियम केला आहे.

मनोरंजन: विनामूल्य काय, तिकिटाचे काय

बेलाजिओसमोरील कारंजी रस्त्यावरून कोणालाही पाहता येतात. दुपारी ती साधारण अर्ध्या तासाने आणि रात्री पंधरा मिनिटांनी सुरू होतात, जोराचा वारा असेल तर बंद ठेवली जातात. एकदा अगदी कठड्याजवळ उभे राहून ती पाहावीत, म्हणजे संगीताच्या जोडीने पाणी सुटतानाचा दणका अंगावर जाणवतो. आणि शक्य असल्यास दुसऱ्यांदा समोरच्या आयफेल टॉवरवरून, जेथे सज्जावर जाण्याचे तिकीट काढावे लागते पण कारंज्यांची संपूर्ण रचना एका दृष्टिक्षेपात दिसते. बेलाजिओमधील काचेच्या छताखालची बाग ऋतूंनुसार पूर्णपणे बदलली जाते आणि तीही विनामूल्य आहे. सकाळी लवकर गेल्यास ती शांतपणे पाहता येते. सर्कस सर्कस या १९६८ च्या हॉटेलात कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर आजही कसरतींचे विनामूल्य खेळ होतात.

तिकीट काढून पाहायचेच असेल, तर माझ्या मते सर्क द्यु सोले या सर्कस कंपनीचा ‘ओ’ हा शो सर्वांत आधी धरावा. बेलाजिओमध्ये १९९८ पासून चालू असलेल्या या शोसाठी प्रेक्षागृहात सुमारे १५ लाख गॅलन पाण्याची टाकी आहे, आणि पाण्याखालचा रंगमंच असा वर-खाली होतो की ज्या ठिकाणी एक कलावंत घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेला, त्याच ठिकाणी काही क्षणांनी दुसरा उंचावरून सूर मारतो. अगदी पुढच्या रांगांत पाणी उडते आणि रंगमंचाचा पूर्ण आवाका डोळ्यांत मावत नाही. त्यामुळे मधल्या रांगा अधिक चांगल्या. एमजीएम ग्रँडमधील ‘का’ या शोलाही हेच लागू पडते, कारण तेथील अवाढव्य रंगमंच हवेत फिरून उभा होतो आणि ती करामत थोडे मागे बसल्यावरच कळते. या शोंना आठवड्यातून काही दिवस सुट्टी असते आणि लहान मुलांसाठी किमान वयाची अट असते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच शोचे दिवस पाहावेत. इतर शोंसाठी स्ट्रिपवर सवलतीची तिकिटे विकणाऱ्या खिडक्या आहेत. त्या सोयीच्या आहेत, पण हवी ती जागा मिळेलच याची खात्री नसते.

मुले बरोबर असतील तर एक्सकॅलिबरमधील राजांच्या द्वंद्वाचा खेळ योग्य ठरतो. घोडेस्वार समोर लढत असतात आणि प्रेक्षकांना काटे-चमचे न देता हाताने जेवायचे असते. सर्कस सर्कसमधील काचेच्या घुमटाखालचे ॲडव्हेंचरडोम हे १९९३ चे उद्यान उन्हाच्या दिवसांत विशेष उपयोगी पडते, आणि मँडले बेमधील लाटांचा तलाव पोहण्याची आवड असणाऱ्यांना नक्की आवडेल. तलावांबाबत एवढे विचारून घ्यावे की आपल्या तारखांना तो उघडा आहे का, कारण थंडीत अनेक तलाव बंद असतात आणि उन्हाळ्यातही संध्याकाळी लवकर बंद होतात. सावलीतील कबाना (तलावाकाठचे छोटे तंबू) व राखीव खाटांचे भाडे वेगळे असते.

कॅसिनोच्या मजल्यावर

नेवाडात जुगारासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलांना घेऊन कॅसिनोमधून चालत जाता येते, पण यंत्रांजवळ किंवा टेबलांजवळ रेंगाळता येत नाही. ओळखपत्र मागितले जाते. परदेशी पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा. बहुतेक कॅसिनोंत धूम्रपानाला परवानगी आहे. धुराचा त्रास असणाऱ्यांसाठी २०२० पासून धूम्रपानमुक्त असलेले पार्क एमजीएम हा चांगला पर्याय आहे.

खेळायचे असल्यास टेबलावरील पाटी आधी नीट वाचावी. त्यावर किमान पैज लिहिलेली असते आणि ती संध्याकाळी वाढते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ‘३ ला २’ लिहिले आहे की ‘६ ला ५’, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे: दहा डॉलरच्या पैजेवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१ गुण) लागला तर पहिल्या टेबलावर १५ डॉलर मिळतात आणि दुसऱ्यावर १२. रूलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर चेंडू कोठे थांबेल यावर पैज लावण्याच्या खेळात, चाकावरील शून्ये मोजावीत. एक शून्य असेल तर लावलेल्या पैजांतील कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्के, दोन असतील तर ५.२६, आणि तीन असतील तर ७.६९ टक्के होतो. खेळ तोच, चाकही दिसायला जवळजवळ तेच, पण तीन शून्यांच्या चाकावर आपले पैसे जवळपास तिप्पट वेगाने संपतात. चिप्स (पैजेसाठीच्या चकत्या) घेताना नोटा डीलरच्या, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात न देता टेबलावर ठेवाव्यात. ब्लॅकजॅकमध्ये पत्ता हवा असल्यास टेबलावर बोट टेकवावे, नको असल्यास तळहात आडवा हलवावा; कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून तोंडी सांगणे पुरेसे धरत नाहीत. खेळणाऱ्यांना पेये विनामूल्य मिळतात, मात्र आणून देणाऱ्यांना टिप देण्याची रीत पाळावी.

या मुक्कामात जुगारासाठी किती रक्कम घालवायची हे घरूनच ठरवावे, ती रोख वेगळी ठेवावी आणि कार्डे खोलीतील तिजोरीत ठेवूनच खाली उतरावे. कॅसिनोतील एटीएमचे शुल्क जबर असते, आणि हरल्यानंतर लगेच काढलेले पैसे सहसा त्याच टेबलावर जातात.

निघण्याच्या दिवशी खोली साधारण अकरा वाजता सोडावी लागते. सामान बेल डेस्कवर (सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर) ठेवून तलाव वगळता बाकी सर्व जागांत संध्याकाळपर्यंत फिरता येते. चेक-आउटपूर्वी सविस्तर बिल मागून मिनीबार, रिसॉर्ट फी आणि पार्किंग या तीन ओळी तपासाव्यात. चुकीची नोंद काउंटरवर उभे राहून दाखवली तर सहसा तेथेच वगळली जाते, घरी परतल्यावर तीच गोष्ट ईमेलने सोडवायला फार वेळ लागतो.