नवतपा लागायच्या आत: दमेकऱ्याने फ्लूची सुई कशी घ्यावी

मी कळमना मार्केटमध्ये मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो आणि मला लहानपणापासून दमा आहे. हे दोन्ही एका माणसात कसं जमते, असं लोक विचारतात. जमते, नाकावर रुमाल, खिशात दम्याचा पंप. पण मला खरं आडवं पाडलं ते मिरचीच्या ठसक्यानं नाही, एका पावसाळ्यातल्या तापानं. पाच दिवस दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजन. दमेकऱ्याला फ्लू इतरांपेक्षा जास्त वेळा होतो असं नाही, पण झाला की आधीच सुजलेल्या श्वासनळ्या आणखी आवळतात. तेव्हापासून दरवर्षी सुई घेतो.

आधी वेळेचं बघा. आपल्याकडे फ्लू दोनदा उसळतो, पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च. सुई घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणून माझा हिशेब सोपा: 25 मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत सुई झाली पाहिजे. राहून गेली तर पावसाळ्यातही घ्या, वाया जात नाही.

मागच्या वर्षीची सुई यंदा चालत नाही. विषाणू रूप बदलतो, शिवाय ताकदही उतरते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले प्रकार ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणून मे महिन्यात खोकं हातात घेऊन वाचा. त्यावर सदर्न हेमिस्फिअर (दक्षिण गोलार्ध) आणि चालू वर्ष लिहिलेलं असेल तर तो ताजा माल, कारण फेब्रुवारीत ठरलेली लस तोवर बाजारात आलेली नसते. मिरची घेताना आपण देठ बघतोच ना, तसंच हे.

आता खरी कटकट. बऱ्याच छोट्या दवाखान्यांत लस ठेवलेली नसते, चिठ्ठी देतात आणि मेडिकलमधून आणा म्हणतात. (ऑटोवाल्याला नुसतं मेडिकल म्हणू नका, तो थेट मेडिकल कॉलेजात नेऊन सोडेल.) पहिल्या वर्षी मी दुकानातून लस विकत घेतली, स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि वाटेत बँकेचं काम उरकलं. मे महिना, दुपारचे दोन. डॉक्टरांनी खोक्याला हात लावला आणि म्हणाले, "काका, हे आता टोचता येत नाही." लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते, उन्हात शिजलेली लस दिसायला मात्र अगदी तशीच दिसते. घरी बायको म्हणाली, "बाप्पा, इतके पैसे डिक्कीत शिजवले न तुम्ही!"

दुसऱ्या वर्षी शहाणपणा जास्त झाला. थेट बर्फाच्या चुऱ्यात खोकं खुपसून नेलं. तेही चुकलं, कारण गोठलेली लसही निकामी होते. आता असं करतो: आधी डॉक्टरांना फोन, ते बसलेत का. मग थर्माकोलचा डबा, तळाशी बर्फाची थैली, वर जाडसर टॉवेल, त्यावर खोकं. दुकानातून सरळ दवाखाना, मध्ये कुठेही थांबायचं नाही. उशीर होणार असेल तर दुकानदाराच्या फ्रिजमध्येच राहू द्या. दवाखान्यात लस असेल तर तिथंच घ्या, हा सगळा खटाटोप वाचतो.

डॉक्टरांना दमा आहे हे स्वतःहून सांगा. नाकात फवारायची लसही असते, तिच्यात जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो. दमेकऱ्यांना ती सहसा देत नाहीत. आपल्याला दंडात टोचायची, मेलेल्या विषाणूची. तिच्यानं फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बस. पूर्वी कुठल्या लसीनं अंगावर मोठी रिअॅक्शन आली असेल, किंवा फ्लूच्या सुईनंतर हातपाय लुळे पडल्याचा प्रकार झाला असेल, तर ते आधी बोला. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण त्यासाठी सुई टाळायची गरज नाही. अंड्याची अॅलर्जी असली तरी आता बहुतेकांना ही लस देतात. चांगला ताप किंवा धाप असेल तर थांबा. साध्या सर्दीसाठी थांबू नका. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा.

लेकरू नऊ वर्षांखालचं असेल आणि पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत.

आणि सुई झाली म्हणून रोजचा पंप सोडू नका. माझ्या शेजारच्या अडतीवरच्या एकानं तेच केलं आणि वर लसीलाच नावं ठेवली. लस फक्त फ्लूसाठी आहे, तीही शंभर टक्के नाही. साधी सर्दी होणारच.

सुई घेऊनही ताप, खोकला आणि अंगदुखी एकदम आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फ्लूची गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. आणि आरामाचा पंप (दम लागल्यावर लगेच ओढायचा) ओढूनही दम बसत नसेल, एक वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, तर घरच्यांना फक्त गाडी काढा म्हणा आणि निघा.