तंबोरा लावताना या चुका टाळा

श्रावण सरत आला की चतुर्थी आणि नवरात्रातल्या बैठकींसाठी माळ्यावरचे तंबोरे खाली उतरतात आणि त्यांतले दोन-तीन तरी तुटक्या तारांसह वेंगुर्ल्यात माझ्या पडवीत येऊन पडतात. चुका दरवर्षी त्याच असतात, करणारा मुलगा तेवढा नवा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोबाइलच्या काट्यावर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या ॲपवर, खर्ज (तंबोऱ्याची सर्वांत खालच्या षड्जाची तार) लावणे. काही वर्षांपूर्वी एका देवळातल्या गायनाला मी पेटीच्या साथीला होतो. गाणाऱ्यांचा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), खर्ज मी आधीच लावून ठेवलेला. एका उत्साही मुलाने खात्री करावी म्हणून तार छेडली, तेव्हा मोबाइलवर षड्जाऐवजी पंचम दिसला. माझा खर्ज बिघडला आहे असे ठरवून, पडद्यावर षड्ज उमटेपर्यंत तो खुंटी पिळत राहिला आणि चार स्वर चढण्याआधीच पितळी तार तुटली. दुसरी तार कोणाकडेच नव्हती. ती मैफल नुसत्या जोडीवर, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारांवर, झाली.

काटा खोटे बोलत नव्हता. काळी एकचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि त्याच तारेतून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वरही निघतात. त्यांतला तिप्पट, म्हणजे २०८ हर्ट्झचा, हाच पंचम. तारा ज्यावर टेकतात त्या तंबोऱ्याच्या रुंद, किंचित बाकदार घोडीमुळे हे उपस्वर फार जोरकस होतात. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले. काटा त्या गर्दीतला एखादाच जोरकस स्वर पकडतो, तर कान सगळे गोळा करून त्यांचे मूळ शोधतो, आणि मूळ स्वर आवाजात नसला तरी तो ऐकतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, तरीही त्यावरचा खर्ज आपल्याला खर्जच वाटतो. हा भास असला, तरी तंबोरा लावताना याच भासावर विसंबावे लागते.

माझी सवय अशी आहे की पेटीवरून षड्ज घेऊन तो आधी गळ्यातून काढायचा, मग जोड लावायची आणि खर्ज शेवटी, जोडीशी ताडून. दोन तारांमध्ये डोल, म्हणजे आवाजाचे लाटेसारखे कमी-जास्त होणे, ऐकू येत असेल तर त्या अजून जुळलेल्या नाहीत. डोल मंदावू लागला की खुंटी सोडून मण्यावर (तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी) यावे आणि डोल थांबेपर्यंत तो सरकवावा. याला दहा मिनिटे लागतात आणि ज्यांना ती जड वाटतात त्यांनी तंबोऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक जरा शिकलेल्यांची आहे. खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधाराशी जुळत नाही, म्हणून ते खर्ज चढवतात आणि षड्जच घालवून बसतात. स्वयंभू गंधार हा खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे सुमारे ३४६.५ हर्ट्झ. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा गंधार ३४९.२ असतो, त्यामुळे सेकंदाला जवळजवळ तीन डोल पडणारच. तिथे तंबोऱ्याला हात लावू नये. फार तर पेटीवाल्याने गंधारावर रेंगाळू नये. मी स्वतः पेटीवाला असून हे लिहितो आहे.

जवारी (घोडीवर तारेखाली दोरा ठेवून आणलेली झणकार) तीक्ष्ण झालेली तार स्वर तोच असूनही चढी वाटते, म्हणून जवारीचा दोरा आधी बसवावा आणि तार मग लावावी. एकाच कानात हेडफोन घालून सूर ठरवू नये. काही जणांच्या दोन कानांना एकच स्वर थोडा वेगळा ऐकू येतो. बासरी साथीला असेल तर ती फुंकून गरम झाल्यावरच सूर जुळवावा, कारण थंड बासरी उतरलेली बोलते.

नवी तार लावून लगेच बैठकीला बसू नये, ती ताणत राहते आणि उतरते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावू नये. खुंटी बाहेर काढावी, पुसून कोरडी करावी, खडू चोळावा आणि मगच पुन्हा बसवावी.