कृपा देवाची, होकार कुणाचा? अभ्यासवर्गात हा विषय कसा घ्यावा

बायबल अभ्यासवर्गात देवाची कृपा आणि माणसाची इच्छा हा विषय काढलात की सगळ्यात आधी एक सांभाळा: फळ्यावर टक्के लिहू देऊ नका. कुणीतरी हमखास विचारतं, "तारणात, म्हणजे पापातून सुटण्यात, देवाचं किती आणि आपलं किती?" मग एक जण नव्वद-दहा म्हणतो, दुसरी नव्व्याण्णव-एक म्हणते, आणि एखादा तरुण "शंभर-शून्य!" म्हणत टेबलावर हात आपटतो. आकडे आले की अर्धा वर्ग देवाचा वकील होतो, अर्धा माणसाचा, आणि पवित्र शास्त्र उघडायचं राहूनच जातं. देव आणि माणूस म्हणजे एका कामाची वाटणी करून घेणारे दोन भागीदार नव्हेत. ज्याने माणसाला इच्छा दिली, तो त्या इच्छेच्या आत राहून काम करतो. माझं या विषयावरचं सगळं म्हणणं एवढ्यात येतं, आणि वर्ग घेणाऱ्याच्या मनात ते आधीपासून असलं तर बरं.

मी भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) शनिवारी संध्याकाळी वर्ग घेते. माहेर वसईचं, कॅथलिक. सासर इथलं, प्रॉटेस्टंट. आई म्हणायची, देवाच्या कृपेला आपण साथ द्यायला हवी. सासूबाई म्हणायच्या, कृपेनेच, दुसरं काही नाही. पण घरातल्या दारू पिणाऱ्या माणसासाठी दोघी गुडघे टेकत तेव्हा मागणं एकच असे: "प्रभू, ह्याचं मन वळव." वर्गाची सुरुवात मी याच प्रश्नाने करते, आणि तुम्हीही करा. विचारा: तुम्ही कुणाच्या बदलासाठी प्रार्थना करता का? सगळे हो म्हणतील. मग विचारा: देव माणसाच्या मनात हात घालत नसेल, तर ही प्रार्थना कशाला? हे पोचू द्या. मग दुसरा प्रश्न: उपासनेत आपण पापांची कबुली देतो, "मी पाप केलं" म्हणतो. ते खरंच "मी" केलं ना? तिथेही सगळे हो म्हणतील. म्हणजे दोन्ही गोष्टी वर्ग आधीच मानतो. आपलं काम एवढंच, की एक जपताना दुसरी हातची जाऊ द्यायची नाही.

विषयाला दोन शनिवार द्या, एकात उरकू नका. आदल्या आठवड्यात घरी वाचायला नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा १६ वा अध्याय आणि फिलिप्पैकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय द्या. बहुतेक जण वाचून येणार नाहीत. कल्याण-विरारहून येणारे दमलेले असतात. म्हणून वर्गात मोठ्याने वाचून घ्या, एकेकाला चार-चार ओळी देऊन.

हेच उतारे का? कारण इथे सगळं एकाच गावात घडतं. फिलिप्पैत नदीकाठी शब्बाथाला (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) काही बायका प्रार्थनेला जमतात. त्यांत लुदिया आहे, थुवतीराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. प्रेषित पौल बोलतो, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो की प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं, म्हणून तिने लक्ष दिलं. उघडणारा प्रभू, लक्ष देणारी लुदिया. पुढच्याच ओळीत ती घराण्यासह बाप्तिस्मा घेते आणि पौलाच्या माणसांना आपल्या घरी उतरायचा असा आग्रह करते की त्यांना नाही म्हणता येत नाही. इथे थांबून विचारा, ही बाई कळसूत्री बाहुली वाटते का? आमच्या वर्गातल्या, दुकान सांभाळणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "माझ्या मनात आलं असतं तर मीही असाच आग्रह केला असता." अगदी बरोबर. तिचं मन उघडल्यावर ती जास्त लुदिया झाली, कमी नाही.

मग त्याच अध्यायातला बंदिशाळेचा नायक, म्हणजे तुरुंगाचा अधिकारी. मध्यरात्री भूकंप, दारं सताड उघडी, आणि कैदी पळाले असं समजून तो तलवारीने जीव द्यायला निघालेला. पौल ओरडून त्याला थांबवतो. तो थरथरत विचारतो, तारण व्हावं म्हणून मी काय करू? "तुला काही करता येणार नाही, बस गप्प" असं पौल म्हणत नाही. तो आज्ञा देतो: प्रभू येशूवर विश्वास ठेव. वर्गातल्या "शंभर-शून्य" मंडळींना ही ओळ पुन्हा वाचायला लावा. आणि जे माणसाच्या निर्णयावरच सगळं टांगतात, त्यांना विचारा की हा प्रश्न त्याच्या तोंडी आला तरी कसा. फटके खाल्लेले दोन कैदी अंधारात गाणी गात होते, जमीन हादरली, आणि पळून जायची संधी असताना कैदी जागेवर राहिले. हे काहीच त्याने मागितलेलं नव्हतं.

आता फिलिप्पैकरांस पत्र उघडा. काही वर्षांनी पौल त्याच गावच्या मंडळीला लिहितो. हे पत्र वाचलं गेलं तेव्हा लुदिया कदाचित समोर बसलेली असेल, तो नायकही असेल. पहिल्या अध्यायात तो म्हणतो, ज्याने तुमच्यात चांगलं काम सुरू केलं तोच ते शेवटास नेईल. दुसऱ्या अध्यायाच्या १२ व्या ओवीत म्हणतो, भीत व कापत आपले तारण साधून घ्या. आणि लगेच १३ वी: कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात साधून देणारा देव आहे. मधला "कारण" बोट ठेवून दाखवा. पौल "तरीसुद्धा" म्हणत नाही, "पण" म्हणत नाही. देव आत काम करतो म्हणूनच तुम्ही कामाला लागा. पहिला शनिवार इथे संपवा. याच्यापुढे रेटलंत तर घरी जाताना सगळे फक्त भांडण आठवतील.

मुंबईत या विषयावर बोलताना लोकलचा दाखला निघतोच: गाडी सुटलेली, तुम्ही धावताय, दारातून कुणीतरी हात देतो, तुम्ही तो धरता. हात कृपा, धरणं विश्वास. युवक संघाच्या मुलांना हा फार आवडतो. चालू द्या, पण त्याची परीक्षा घ्या. या दाखल्यात धावणारा आधीच धावतोय, त्याला गाडी हवीच आहे. इफिसकरांस २:१ मध्ये पौल म्हणतो की आपण अपराधांमुळे मेलेले होतो. मेलेला धावत नाही. धावायची इच्छासुद्धा कुठून आली, हाच तर खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या शनिवारी इतिहासाला हात घाला, पण सगळी यादी वाचून दाखवू नका. एक भांडण नीट सांगा, बाकीची उरकून घ्या. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलागियस नावाचा ब्रिटनचा एक संन्यस्त वृत्तीचा माणूस शिकवत होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं ढिलं वागणं त्याला सहन होत नसे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याची एक प्रार्थना त्याच्या कानी आली, तिचा आशय असा: प्रभू, तू जी आज्ञा करतोस ती पाळायची शक्ती दे, मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस चिडला. अशाने लोक हातावर हात ठेवून बसतील, असं त्याला वाटलं. त्याला वर्गात खलनायक करू नका. त्याची काळजी खरी होती. पण देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकद माणसात आहेच, या त्याच्या शिकवणीत गुडघे टेकायला कारणच उरत नाही. कार्थेजच्या ४१८ च्या सभेने ती नाकारली.

याच्या पुढची गोष्ट फार थोडे जण सांगतात, आणि वर्गाला तीच सगळ्यात उपयोगी पडते. आजच्या ट्युनिशियात हाड्रुमेटम नावाचं गाव होतं. तिथल्या मठात ४२६ च्या सुमारास ऑगस्टिनचं लिखाण पोचलं आणि काही मठवासी म्हणू लागले: सगळं कृपाच करते ना, मग आम्ही चुकलो तर मठाधिपतींनी रागावू नये, आमच्यासाठी नुसती प्रार्थना करावी! म्हातारा ऑगस्टिन, आयुष्यभर कृपेसाठी लढलेला, आता लेखणी उचलून त्यांना समजावतो की कृपा इच्छा काढून घेत नाही, तिला बरी करते, आणि कान उघाडणी हेसुद्धा कृपेचं साधन असू शकतं. हे सांगून झालं की वर्गाला विचारा: तुमच्या घरात हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे? आमच्याकडे लगेच "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" निघालं.

इथेच एक आपल्याकडचा अडथळा येतो, त्याला वेळ द्या. "देवाने निवडलं" म्हटलं की मराठी कानाला "नशिबात होतं" ऐकू येतं, किंवा प्रारब्ध. हे तिन्ही वेगवेगळं आहे आणि वेगळं करून सांगायलाच हवं. नशिबाशी बोलता येत नाही. प्रारब्ध म्हणजे मागे केलेल्या कर्मांचा हिशेब. पौल ज्या निवडीबद्दल बोलतो ती कुठल्याही कर्माच्या आधीची आहे, आणि जो निवडतो त्याला हाक मारता येते, त्याच्यापुढे रडता येतं. शेजारची मंडळी प्रारब्ध मानत असतील तर त्यांना कमी लेखून बोलू नका. आपल्या अनेकांची आजी-आजोबांची घरं तीच आहेत.

मधली शतकं थोडक्यात. कॅथलिक विद्वान एरास्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२५ मध्ये कडक उत्तर दिलं. देवाच्या निवडीवर भर देणारा सुधारक कॅल्विन, त्याच्या बाजूने हॉलंडमधल्या डॉर्टच्या १६१८-१९ च्या सभेने आर्मिनियसच्या अनुयायांना नाकारलं; माणूस कृपेला नकार देऊ शकतो असं ते म्हणत. मेथडिस्टांचा जनक जॉन वेस्ली अठराव्या शतकात म्हणाला की कृपा आधी येते, आणि ती सगळ्यांकडे येते, म्हणूनच कुणालाही हो म्हणता येतं. यावरून त्याचं मित्र जॉर्ज व्हाइटफील्डशी जोरदार बिनसलं, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मृतीचं प्रवचन वेस्लीनेच केलं. एवढं आवर्जून सांगा. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि मेथडिस्टांतलेही काही जण एकत्र आले. कॅल्विनची आणि वेस्लीची लेकरं एकाच बाकावर बसतात, त्यांना एकमेकांचं ऐकता यायला हवं.

आणि माझ्या माहेराबद्दल एक. "कॅथलिक लोक स्वतःच्या कर्मांनी तारण मिळवतात" असं कुणी बोललं तर तिथेच थांबवा. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये देवापुढे नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला, त्याच्या पहिल्याच कॅनॉनमध्ये (नियमात) ही शिकवण धिक्कारली आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि त्याचा आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो. जागतिक मेथडिस्ट परिषद २००६ मध्ये त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण जुन्या शिव्या आता खोट्या ठरतात.

मराठी उदाहरण हवं असेल तर कवी नारायण वामन टिळक घ्या. आगगाडीत भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती भेट त्यांनी ठरवली नव्हती. पण वाचलं त्यांनी, झगडले ते, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन आप्तेष्टांचा रोष ओढवून घेतला तोही त्यांनीच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून फरफटत गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, दुःख भोगलं, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या. त्या मधल्या वर्षांत देव काय करत होता, यावर वर्गाला बोलू द्या.

प्रश्नोत्तरांत तीन जण जपायचे. पहिली, जिचा मुलगा मंडळी सोडून गेलाय. तिच्यापुढे पूर्वनियोजनाचा, म्हणजे कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय असा, सिद्धांत मांडू नका. तिला विचारा त्याचं नाव काय, आणि त्याच्यासाठी तिथेच प्रार्थना करा. दुसरा, "मी निवडलेला आहे की नाही?" या भीतीने झोप उडालेला. त्याला देवाच्या गुप्त वहीत डोकवायला लावू नका. खुद्द कॅल्विन म्हणतो की आपली निवड ज्यात पाहायची तो आरसा ख्रिस्त आहे. तिसरा विचारतो, "माझे आजोबा वारकरी होते, त्यांचं काय?" लूक १३ मध्ये येशूला कुणीतरी विचारलं, तारण होणारे थोडेच का? त्याने संख्या सांगितली नाही. तुम्ही अरुंद दरवाजाने आत जायचा नेटाने यत्न करा, म्हणाला. आजोबांचा न्याय आपल्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला सर्व माणसांचं तारण व्हावं असं वाटतं, हे १ तीमथ्य २:४ मध्ये वाचून दाखवा.

वर्ग तुम्हाला तुमचं मत विचारेल. लपवू नका. मी सांगते की माझा होकार मला दिलेला आहे आणि तो माझाच आहे, नकार मात्र माझा एकटीचा. आमच्यातले काही जण म्हणतात की हे पुरेसं सुसंगत नाही, देवाने काहींना निवडलं आणि काहींना सोडलं असंच रोमकरांस ९ सांगतं. त्यांना बोलू द्या, पण एक अट घाला: रोमकरांस पत्राचा नववा अध्याय एकटा काढायचा नाही. ९, १० आणि ११ एका बैठकीत वाचायचे. नवव्यात कुंभार आणि माती आहे. दहाव्यात जो कोणी प्रभूचं नाव घेऊन हाक मारील त्याचं तारण होईल असं आहे. अकराव्याच्या शेवटी पौल युक्तिवाद थांबवून देवाच्या ज्ञानाच्या खोलीपुढे स्तुती करतो. तिन्हींचं वाचन दोन आवाजांत वाटून द्या, एक वाचक कॅल्विनच्या बाजूचा, एक वेस्लीच्या, आणि स्तुतीच्या त्या शेवटच्या ओव्या दोघांनी मिळून वाचायच्या.